मंजुरी मिळणेबाबत

विषय : औद्योगिक प्रदर्शनात स्टॉल घेण्यास
मंजुरी मिळणेबाबत.
एवढं टाइप केलं आणि चहाला गेले.
ही ओळ मला येते. पुढची येत नाही.

नऊ चौरस मीटर.
एक टेबल, दोन खुर्च्या, तीन दिवे, एक कचरापेटी.
कोपरा हवा असेल तर दहा टक्के जास्त.
प्रवासखर्च : शून्य. प्रदर्शन गावातच आहे,
अंबडहून त्र्यंबक रोड, माझ्या स्कूटीवर
वीस मिनिटं, त्रिमूर्ती चौकात अडकलं नाही तर.

अकाउंट्सच्या गायधनी काकांनी चष्मा कपाळावर नेला.
"मागच्या खेपेला काय मिळालं?"
मागच्या खेपेला मी कॉलेजात होते.
पण कपाटात चिवड्याचा एक डबा आहे,
त्यात एकशे बेचाळीस व्हिजिटिंग कार्डं,
अजून तेलकट.
दोन दुपारी बसून सगळ्यांना फोन लावले.
कितीतरी नंबर बंद. एकानं मलाच विमा विकायला घेतला.
सिन्नरचे एक गृहस्थ वारले होते. मुलगा म्हणाला,
बाबांच्या टेबलावर तुमची ती पितळी वस्तू आहे अजून,
पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून.

फलनिष्पत्तीच्या रकान्यात
हे कसं लिहायचं?

आम्ही केबल ग्लँड करतो.
तार पेटीत शिरते तिथं तिच्या गळ्याशी बसणारं पितळ :
पाणी आत जाऊ देत नाही,
ओढ लागली तर स्वतः सोसतं.
आई नातेवाइकांना सांगते, वायरींचं काहीतरी.

बोरस्ते सरांनी पेन्सिलीनं लिहिलं : चर्चा करा.
चर्चा केली.
मग लिहिलं : पुन्हा बोलू.
चार दिवस फाईल त्यांच्या टेबलावर,
आणि फाईलवर त्यांच्या मळ्यातल्या द्राक्षांची पेटी.
पाचव्या दिवशी पेटी घरोघर वाटून संपली,
माझ्या नऊ चौरस मीटरवर
एक गोड, चिकट चौकोन राहिला.

खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो.
शाळेच्या सहलीत सरांनी तिथला लेख समजावला होता :
विणकरांच्या श्रेणीकडे किती नाणी ठेवली,
शेकडा व्याज किती, त्यातून भिक्षूंना वस्त्रं किती,
आणि हे सारं नगरसभेत ऐकवून
रीतीप्रमाणे फलकावर नोंदवलं.
आम्ही तेव्हा माकडांना चिक्की देत होतो.
आता वाटतं, कोणीतरी ती नोंद घेऊन
दारोदार फिरलं असेल.
त्याचं नाव काही दगडावर नाही.

चांदवडकर साहेबांनी फाईल उघडलीच नाही.
नमुना उचलला, नट टोकाला लावून सोडून दिला.
नट आपल्याच वजनानं
फिरत फिरत खाली गेला.
आवाज नाही.
"कोणी केलाय?"
"रतन तांबट. दुसरी पाळी."
"सहा मीटर घ्या. कोपरा नको."
सही. खाली तारीख. सवलतीची मुदत
काल संपली होती, मी बोलले नाही.

शॉपवर रतनला सांगायला गेले.
तो हात पुसत राहिला, हात स्वच्छ होईपर्यंत, आणि नंतरही.
म्हणाला, आमचे अण्णा तांबट आळीत हंडे घडवायचे.
सकाळी पायरीवर मांडायचे, झालं.
विचारणार कुणाला? फार तर समोरच्या गाईला.
मग, मशीनकडे बघत :
"मॅडम, तिथं आत यायला काय लागतं?"

वर आले. नवीन पान घेतलं.
विषय : श्री. रतन तांबट यांना एक दिवस
स्टॉलवर उभे राहण्यास मंजुरी मिळणेबाबत.
कारण :
आटे त्यांनी पाडलेत.
एवढंच ठेवलं.
गायधनी काका अजून जागेवर होते,
चष्मा कपाळावर.